नाताळच्या किटपलीकडे धर्मग्रामानं गरिबांसाठी काय करावं?

केळबाग

नमस्कार मंडळी. मी उत्तर वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या पॅरिशमध्ये, राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चर्चचा कारभार बघणारी आमची निम्मी परिषद इथे गुपचूप वाचत असते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून परिषदेची सेक्रेटरी आहे, म्हणजे वह्या माझ्या ताब्यात.

दर नाताळला आम्ही गरिबांना किट वाटतो. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, रवा आणि वर एक केक. यंदा वाटपाआधी मी यादी घेऊन बसले आणि डोकं धरलं. यादीतल्या एका बाईंचा मुलगा कुवेतला आहे, घरावर दुसरा मजला चढतोय. तरी त्या किटला हक्कानं येतात, कारण सासूबाईंच्या नावानं मिळत होतं. नाही दिलं तर रुसवा, आणि तो रुसवा थेट फादरांच्या ऑफिसात.

आता दुसरी बाजू. आमच्याच लोकांनी वाडीतली केळी काढून चाळी बांधल्या. त्या चाळींत झारखंडचं एक उरांव आदिवासी जोडपं राहतं. कॅथॉलिक आहेत, दर रविवारी शेवटच्या बाकावर बसतात. शेजारी जव्हार-मोखाड्याकडून मजुरीला आलेली वारली कुटुंबं, आमच्याच घरांतून भांडी घासणाऱ्या दोन-तीन बाया, उत्तर प्रदेशचा एक रंगारी. यांपैकी एकाचंही नाव यादीत नाही. यादी छोट्या ख्रिस्ती समूहांकडून, म्हणजे धर्मग्रामातल्या शेजारघरांच्या गटांकडून, येते आणि समूहाच्या सभेला भाडेकरूला कुणी बोलवत नाही. भाडं मात्र पाच तारखेला वेळेवर लागतं.

पुढच्या वर्षी आमच्या चर्चच्या इमारतीला पन्नास वर्षं होतील. सभेत कमान, स्मरणिका, जेवणावळ आणि लाइटिंग एवढं झटपट मंजूर झालं. मी म्हटलं, गरिबांसाठी काही? उत्तर आलं, किटची संख्या दुप्पट करू. विषय संपला, चहा आला.

मला किट बंद करायची नाही. पण आपल्या लोकांनी कधीकाळी याहून मोठं काही केलं होतं ना! सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून १९१८ साली इथल्या कॅथॉलिकांनी सहकारी पतसंस्था उभी केली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी वसईची हिरवळ आणि पाणी वाचवायला हरित वसईची हाक दिली, तेव्हा आमच्या गावातून बाया ट्रक भरभरून मोर्च्याला गेल्या. मीही होते. टँकरवाल्यांचा आणि मिस्साचा (चर्चमधल्या उपासनेचा) संबंध काय, असं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता मी चाळीतल्या नळाचा विषय काढला की "हे परिषदेच्या कक्षेत येतं का?" असं विचारतात.

तर सांगा, तुमच्या धर्मग्रामात खरोखर काय चालतं? रविवारी आठच्या मिस्सानंतर तासभर बसून होण्यासारखं काही आहे का? आणि आमचे फादर भले आहेत, पण एका गोष्टीला दचकतात: ख्रिस्ती नसलेल्या आदिवासींना काही दिलं की उद्या कुणी धर्मांतराचा आरोप करील. त्यावर काय करता?

---

जुना विन्सेंशियन

ताई, तुमची कुवेतवाली बाई प्रत्येक धर्मग्रामात असते. आमच्याकडे तिचा मुलगा दोह्याला आहे, एवढाच फरक.

मी मुंबईच्या उपनगरात सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीत, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या कॅथॉलिक संघटनेत, केस पांढरे केले. यादीवर आमच्याकडे एकच औषध आहे, घरी जाणं. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी हे काम सुरू केलं, तेव्हा सिस्टर रोझाली रांदूनं त्यांना गरीब वस्तीतल्या घरांत धाडलं. तेव्हापासून रीत तीच. दोघांनी मिळून जायचं, एकट्यानं कधीच नाही. गरिबाला चर्चच्या ऑफिसपुढे रांगेत उभं करायचं नाही, आपण त्याच्या दारात जायचं. दर आठवड्याला सभा, प्रत्येक घराचा अहवाल, आणि शेवटी गुप्त थैली फिरते. कोणी किती टाकलं ते शेजारच्यालाही कळत नाही. मदत कोणत्याही धर्माच्या माणसाला, हे आमच्या नियमातच आहे, सवलत म्हणून नव्हे.

दरवर्षी प्रत्येक नाव नव्यानं तपासा. वारसाहक्कानं किट बंद. पहिल्या वर्षी शिव्या खाल, दुसऱ्या वर्षी लोक विसरतात.

एक मात्र सांगतो, कारण पुढे कुणीतरी येऊन "दान नको, हक्क हवेत" असं भाषण ठोकणारच आहे. ज्या म्हातारीच्या घरात आज डाळ नाही तिला कायद्याचं पुस्तक शिजवता येत नाही. डाळ घेऊन जा. पण तिथे बसा. बसलात की कळतं की डाळ संपली कारण पैसे इन्सुलिनला गेले, आणि इन्सुलिन विकत घ्यावं लागलं कारण सरकारी दवाखान्यात कुणी सोबत न्यायला नव्हतं.

दवाखान्यावरून एक पक्की माहिती. महाराष्ट्रात ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयांना २००६च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम मागता येत नाही. हे काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही. आम्ही तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आधीच काढून घरात ठेवायला लावतो. रात्री दोन वाजता छातीत कळ आली की दाखला काढायला वेळ नसतो. रुग्णालयानं टाळाटाळ केली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार. पांढरा शर्ट घातलेले दोन म्हातारे लेखी अर्ज घेऊन उभे राहिले की खाट सापडते, हा अनुभव आहे.

---

नाक्यावरची

भाषण ठोकायला आले, काका!

मी विरार-नालासोपारा पट्ट्यात मजुरांबरोबर काम करते. कॅथॉलिक नाही, त्यामुळे तुमच्या परिषदेचं राजकारण मला कळत नाही. पण चर्चचा हॉल काय करू शकतो ते मी पाहिलंय. आमच्याकडे बसायला जागा नसते, झेरॉक्स नसतं, इंटरनेट नसतं. तुमच्याकडे तिन्ही आहे, शिवाय निवृत्त बँकवाले, शिक्षक, तलाठी ऑफिसात चाळीस वर्षं घालवलेले क्लार्क. गरिबाचं अर्धं दारिद्र्य फॉर्ममध्ये अडकलेलं असतं हो.

केळबागताई, तुमच्या चाळीपासून सुरुवात करा.

रंगारी हा बांधकाम कामगार आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी होते. अट एकच अवघड: गेल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की तो मालक ठरतो. मग ग्रामसेवक किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्याकडून दाखला घ्यायचा, आणि तिथे एकटा मजूर गेला की "उद्या या". उद्याची मजुरी बुडते. सोबत कुणी शिकलेलं गेलं तर आजच होतं. नोंदणी झाली की मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, अपघाती मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम. दरवर्षी नूतनीकरण लागतं, ते विसरलं की सगळं पाण्यात. म्हणून रजिस्टर ठेवा आणि नूतनीकरणाच्या तारखा त्यात लिहा. बँकेतल्या माणसाला हे सांगायला नको.

उरांव जोडप्याचं रेशनकार्ड झारखंडचं असेल. एक देश एक रेशनकार्ड योजनेत ते इथल्या दुकानातून धान्य उचलू शकतात. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो. दुकानदार म्हणतो, "बाहेरचं कार्ड चालत नाही." चालतं. आधार जोडलेलं असलं की अंगठा लागतो. एकदा तुमच्यापैकी कुणी सोबत जा, नंतर ते स्वतः जातील.

भांडी घासणाऱ्या बायांचं काम सर्वांत नाजूक, कारण मालकीण पुढच्या बाकावर बसते. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे. पण माझ्या मते तुमच्या धर्मग्रामाचं काम फॉर्मच्या आधी आहे: आठवड्याची सुट्टी, आजारपणात पगार न कापणं, वर्षाला वाढ. सिस्टर जीन डिव्होस या धर्मभगिनीनं १९८५ साली राष्ट्रीय घरकामगार चळवळ उभी केली, ती तुमच्याच चर्चची होती. तुमच्या महिला मंडळाच्या सभेत हा विषय कधी निघालाय का?

आणि वारली कुटुंबं. ती बांधकामावर आहेत की वीटभट्टीवर, ते आधी विचारा. भट्टीवर असतील तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालक बयाणा देतो. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर येतं, आठवड्याला खावटी, म्हणजे खाण्यापुरते पैसे, मिळते, हिशोब मालकाच्या वहीत. मे महिन्यात हिशोब होतो तेव्हा सहा महिने विटा थापूनही कर्ज शिल्लकच. वेठबिगारी १९७६च्या कायद्यानं बंद झाली आहे, आणि वसई तालुक्यात विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेनं वेठबिगार सोडवले आहेत, तुम्हाला नवं नाही. तिथे चर्चनं एकट्यानं उडी मारू नये. संघटनेला बोलवा, तहसीलदाराला लेखी कळवा. पण एक काम फक्त तुम्हीच करू शकता: भट्टीला जमीन भाड्यानं कोण देतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्याशी बोलायला ना मी जाऊ शकते ना तहसीलदार.

मुलांना गावाहून निघताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळालंय का, तेही पाहा. नसलं तरी जवळच्या जिल्हा परिषद शाळेला मुलं घ्यावीच लागतात.

धर्मांतराच्या भीतीबद्दल: सगळं उघड्यावर करा. पाटीवर "सरकारी योजना मदत केंद्र" लिहा. त्या टेबलावर प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, फोटो नाहीत. गावातल्या अंगणवाडीताईंना आणि नगरसेवकाला पहिल्याच दिवशी बोलवा. रजिस्टर कुणालाही दाखवता येईल असं ठेवा.

---

कोरडवाहू

मी श्रीरामपूर तालुक्यातला, नाशिक धर्मप्रांत. तुमची चर्चा वाचून गंमत वाटली. तुमच्याकडे गरीब म्हणजे शोधून काढायचे लोक. आमच्याकडे मिस्साला बाकांवर बसलेत तेच. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला जे चालत येतात, त्यांतले कितीतरी शेतमजूर. आमच्या वस्तीतली काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. नाताळला अर्धी वस्ती फडात असते. किट वाटायचं म्हटलं तर घ्यायलाच कोणी नाही.

आमच्याकडे जे टिकलं ते मिशनचं बोर्डिंग. आईबाप फडावर, पोरं बोर्डिंगात, मार्चमध्ये परीक्षा देतात. माझा बाप तसाच शिकला, मी शिकलो. तुमच्या कमानीच्या पैशात पाच-सात पोरांचं वर्षाचं जेवण निघत असेल तर हिशोब करून बघा, आम्हाला चालेल. (अर्धा विनोद आहे. अर्धा नाही.)

दुसरं, न्यायाचं म्हणताय तर आमचा प्रश्नही घ्या. आमचे आजे-पणजे महार-मांग होते. गावानं आम्हाला ख्रिस्ती झाल्यावरही तेच समजलं. पण १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दाखला नाही. १९५६ साली शिखांना दिला, १९९० साली बौद्धांना दिला. आम्ही आणि मुसलमान बाहेर. २०२२ साली या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. वसईच्या चर्चांत दरवर्षी कुठल्यातरी रविवारी यासाठी प्रार्थना होते म्हणे. प्रार्थनेबद्दल धन्यवाद. पण तुमच्याकडे वकील आहेत, पत्रकार आहेत, "सुवार्ता"सारखं मासिक आहे. आमच्या एका वस्तीत येऊन चार दिवस राहून जा.

---

तिसरा बाक

वय २६, धर्मग्राम युवा संघटनेतून हकालपट्टी झालेला. सगळे चाळीत आणि फडात पोचलात, मी चर्चच्या आवारातच थांबतो.

आवार झाडणाऱ्या मावशींना महिना किती मिळतात? घंटा वाजवून वेदी सांभाळणाऱ्या काकांचा प्रॉव्हिडंट फंड भरला जातो का? सुट्टी किती? कबरस्तानात खड्डा खोदणाऱ्याला दर खड्ड्यामागे देतात की पगार? आमच्याकडे हे प्रश्न विचारले म्हणून मला "डावा" ठरवलं. पोप तेराव्या लिओंनी १८९१ साली कामगारांच्या न्याय्य वेतनावर परिपत्रक काढलं, तेही बहुधा डावे असावेत.

केळबाग आंटी, तुम्ही सेक्रेटरी आहात म्हणून कलमं देतो, सभेत उपयोगी पडतील. कॅनन लॉ (चर्चचा स्वतःचा कायदा), कलम १२८६: चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी कामगार कायदे पाळायचे आणि काम करणाऱ्याला स्वतःच्या व घरच्यांच्या गरजा भागतील इतकं वेतन द्यायचं. कलम १२८७: लोकांनी दिलेल्या दानाचा हिशोब लोकांना द्यायचा. कलम २२२: सामाजिक न्यायासाठी झटणं आणि आपल्या मिळकतीतून गरिबांना मदत करणं हे प्रत्येक श्रद्धावंताचं कर्तव्य. म्हणजे पुढच्या वेळी "परिषदेच्या कक्षेत येतं का" म्हणाले की वाचून दाखवा.

शाळेचंही बोलू. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ आणि २०१४च्या निकालांत आपल्याला त्यातून वगळलं. कायद्यानं सक्ती नाही, ठीक. पण देऊ नका असंही कायदा म्हणत नाही ना? चाळीतल्या चार मुलांना ज्युनिअर केजीत घेतलं तर कुठलं न्यायालय अडवणार आहे?

नोव्हेंबरातल्या गरिबांच्या जागतिक दिनाला आमच्याकडे ब्लँकेट वाटतात आणि मग फ्लेक्स लागतो, त्यावर घेणाऱ्यांचे चेहरे, देणाऱ्यांची नावं. पोप फ्रान्सिस यांनी हा दिवस २०१७ पासून सुरू केला तो फ्लेक्ससाठी नसावा.

---

केळबाग

सगळ्यांचे आभार. दोन दिवस थांबून उत्तर देतेय, कारण मध्ये परिषदेची सभा होती.

कमान गेली नाही. तिचे समर्थक फार आहेत, त्यांतले दोन माझे दीर. पण लाइटिंग आणि जेवणावळ कापली. त्या पैशातला एक भाग कोरडवाहू दादांच्या बाजूच्या बोर्डिंगला द्यावा असं मी मांडलं, आणि नवल म्हणजे सर्वांत आधी हात वर केला तो कमानवाल्या मोठ्या दिरांनी. ते लहानपणी बोर्डिंगात होते, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मात्र त्यांची अट आहे की नुसता चेक पाठवायचा नाही, आधी जाऊन बघायचं. दादा, फेब्रुवारीत आम्ही चौघं येतो. मला खासगी निरोपात पत्ता कळवा.

मदत केंद्राला फादर तयार झाले. नाक्यावरची ताई, तुमची पाटी जशीच्या तशी घेतली. जागा हॉलमध्ये नाही, फाटकाजवळच्या पडवीत, रस्त्यावरून दिसेल अशी. हे फादरांनीच सुचवलं. त्यांची भीती उघड्यावर आल्यावर कमी झाली, मला वाटलं होतं वाढेल.

तिसऱ्या बाका, तुझं १२८६ मी वाचलं. पूर्ण शांतता. मग खजिनदार म्हणाले की मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवला ते बघावं लागेल. मी म्हटलं, बघायला नको, वही माझ्याकडे आहे, आणि वर्ष सांगितलं. वाढ त्याच सभेत झाली. प्रॉव्हिडंट फंडावर मात्र "कामगार वीसपेक्षा कमी आहेत, आपल्याला लागू नाही" हे उत्तर आलं. कायद्यानं ते बरोबर आहे, तरी मी सोडणार नाही. मावशींच्या नावानं दरमहा आवर्ती ठेव भरायचा प्रस्ताव पुढच्या सभेत ठेवतेय. शाळेचा विषय निघाला तेव्हा शाळेच्या सिस्टर उठून गेल्या. त्यांना खरंच दुसरीकडे जायचं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

घरकाम करणाऱ्या बायांचा विषय महिला मंडळात काढला. त्यावर इथे लिहिण्यासारखं अजून काही झालेलं नाही.

भट्टीच्या जमिनीचं नाव मला कळलं. आमच्याच समूहातलं घर आहे.

---

जुना विन्सेंशियन

ताई, त्या घरी एकट्या जाऊ नका. फादरांनाही लगेच नेऊ नका, पाद्री दिसले की माणूस एकतर पाया पडतो नाहीतर दार लावतो, बोलत नाही. त्यांच्या वयाचा, त्यांच्याशी देणंघेणं नसलेला कुणीतरी सोबत घ्या. तुमचे मोठे दीर कसे आहेत?

आणि पहिल्या भेटीत भट्टीचा विषय काढूच नका.

---

नाक्यावरची

काका, दुसऱ्या भेटीत काढा. मे महिन्याच्या हिशोबाआधी बोलणं व्हायला हवं, नाहीतर ती कुटुंबं पुढच्या बयाण्याला अंगठा देऊन गावाकडे निघालेली असतील. ताई, तोवर त्यांच्या खावटीचा आकडा आठवड्याच्या आठवड्याला त्यांच्याच एखाद्या शिकलेल्या पोराकडून वेगळ्या वहीत लिहून ठेवता आला तर बघा. मालकाच्या वहीसमोर ठेवायला दुसरी वही लागते.